इतिहासाच्या शिक्षिकेचे कालयान : ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग आणि देवनहळ्ळीचा प्रश्न

१

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे गाव आहे. आवतीच्या नाडप्रभू घराण्यातील मल्लबैरेगौडाने १५०१ मध्ये तेथे मातीचा कोट उभारला. अठराव्या शतकात हैदरअली व टिपू सुलतान यांच्या काळी त्याला आजचे दगडी रूप आले. कोटाजवळच एका लहानशा दगडी चौकटीत टिपूचे जन्मस्थान दाखविले जाते. याच तालुक्याच्या भूमीवर २००८ च्या मे महिन्यात बंगळूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. कोट आणि धावपट्टी यांच्यामधील अंतर काही किलोमीटरांचे आहे; त्यांच्यामधील काळ मात्र पाच शतकांचा आहे.

एकाच स्थळी अनेक काळ एकत्र नांदत असतात, ही जाणीव इतिहासकाराला नवी नाही. विज्ञानकथेने त्या जाणिवेला एक यंत्र दिले, एवढेच. १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच्. जी. वेल्सच्या कादंबरीतील कालयंत्र काळात प्रवास करते, पण जागा सोडीत नाही. नदी तीच, टेकडी तीच, तिच्यावरून शतके तेवढी वाहून जातात. वेल्सची ही कल्पना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर स्थिरावली ती १९६३ साली, ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या रूपाने. तिचा पहिला भाग बी.बी.सी.ने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी सव्वापाच वाजता दाखविला.

ही तारीख भारतीय वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच्या दोनच दिवस आधी, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळातील थुंबा येथून भारताच्या भूमीवरील पहिले संशोधन-अग्निबाण आकाशात झेपावले. मधल्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्या वार्तेच्या छायेत मालिकेचा पहिला भाग झाकोळला गेला आणि ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाच्या आधी, तो पुन्हा दाखवावा लागला. थुंबाच्या अग्निबाणाची पूर्वपीठिका देवनहळ्ळीपर्यंत मागे नेता येते. टिपूच्या सैन्यातील लोखंडी नळीचे बाण इंग्रजांनी विलायतेस नेले, वुलिच येथे विल्यम काँग्रीव्हने त्यांच्या आधारे स्वतःचे बाण सिद्ध केले, आणि पुढे दीड शतकाने थुंबाच्या प्रकल्पातील तरुण अभियंता अब्दुल कलाम यांना अमेरिकेतील वॉलप्स केंद्रात त्याच म्हैसूरी बाणांचे चित्र टांगलेले दिसले. विज्ञानाचा इतिहास असा वळणावळणाने घरी परततो. प्रस्तुत मालिकेच्या पहिल्या भागातही भारताच्या इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. तो उलगडून पाहणे, आणि त्या भागाने इतिहास व विज्ञान यांच्यामध्ये जो करार केला त्याचे पुढे काय झाले हे तपासणे, हा या विवेचनाचा हेतू आहे.

२

मालिकेचा पहिला भाग परीक्षणाला घेणे हे एका अर्थी अवघड काम असते. कादंबरी हाती येते ती पूर्ण होऊन. मालिकेचा आरंभ हाती येतो तेव्हा तिच्या कर्त्यांनाही तिचा शेवट ठाऊक नसतो. पुढे मालिका गाजली तर प्रत्येक क्षुल्लक गोष्ट भविष्यसूचक वाटू लागते. गाजली नाही तर चांगल्या गोष्टीही विस्मृतीत जातात. पहिल्या भागाला न्याय द्यावयाचा तर त्याने त्या दिवशी, त्या पंचवीस मिनिटांत, प्रेक्षकाला काय देऊ केले एवढेच प्रथम पाहिले पाहिजे.

‘ॲन अनअर्थली चाइल्ड’ या भागाचे कथानक अगदी साधे आहे. धुक्याच्या रात्री एक पोलीस शिपाई गस्त घालीत जातो. भंगारमालाच्या एका आवाराचे फाटक आपोआप उघडते. आत पोलिसांच्या दूरध्वनीची निळी लाकडी चौकी उभी आहे आणि तिच्यातून मंद गुणगुण ऐकू येत आहे. तेथून दृश्य शाळेत येते. बार्बरा राइट ही इतिहासाची शिक्षिका आणि इयान चेस्टरटन हा विज्ञानाचा शिक्षक एका विद्यार्थिनीविषयी बोलत आहेत. सुसान नावाची ही पंधरा वर्षांची मुलगी काही विषयांत शिक्षकांना मागे टाकते आणि काही अगदी सामान्य गोष्टींत अडखळते. लिटमस कागदाचा प्रयोग तिला पोरकट वाटतो. तीन मितींचे गणित सोडवायला दिले तर काळ धरून पाच मिती हव्यात असा हट्ट ती धरते. फ्रेंच राज्यक्रांतीवरचे पुस्तक उघडताच त्यातील एक गोष्ट चुकली असल्याचे तिच्या ध्यानात येते. तिचा नोंदविलेला पत्ता म्हणजे तेच भंगाराचे आवार. दोघे शिक्षक काळजीपोटी तिच्या मागोमाग तेथे जातात. तिचा आजोबा म्हणविणारा म्हातारा त्यांना हुसकावू पाहतो. झटापटीत ते चौकीत शिरतात. आणि बाहेरून खोकेवजा दिसणारी ती चौकी आतून एक प्रशस्त दालन असल्याचे त्यांना आढळते. गुपित फुटेल या भयाने म्हातारा यंत्र सुरू करतो. शेवटच्या दृश्यात ती चौकी एका ओसाड माळावर उभी आहे आणि तिच्याकडे एका मनुष्याची सावली सरकत आहे.

या रचनेतील मर्म पात्रांच्या निवडीत आहे. काळातून प्रवास करणाऱ्या यंत्रात कोणालाही बसविता आले असते: सैनिक, संशोधक, धाडसी मुले. कर्त्यांनी बसविले ते दोन शिक्षक, आणि तेही एक इतिहासाचा व एक विज्ञानाचा. मालिकेचा मूळ उद्देश मुलांना मनोरंजनातून शिक्षण देण्याचा होता. एक कथा भूतकाळातली, एक भविष्यातली वा परग्रहावरची, असा क्रम योजिलेला होता. पण या योजनेचे शैक्षणिक प्रयोजन बाजूला ठेवले तरी तिचा वाङ्मयीन लाभ उरतोच. सुसानचे कोडे दोघांपैकी एकट्याला सुटत नाही. विज्ञानशिक्षकाला तिचे ज्ञान अकालपक्व वाटते, इतिहासशिक्षिकेला तिचे अज्ञान विचित्र वाटते. दोघांच्या साक्षी एकत्र केल्यावरच ती मुलगी दुसऱ्या काळातली आहे हे उमगते. अद्भुताचा साक्षात्कार येथे दोन विद्याशाखांच्या संवादातून होतो. यंत्राच्या अंतर्भागाविषयी म्हातारा जे स्पष्टीकरण देतो तेही याच धाटणीचे आहे. एखादी भव्य इमारत बैठकीच्या खोलीत मावत नाही. पण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ती दाखविता येते. माध्यमाने स्वतःचीच उपमा देऊन आपले सामर्थ्य असे सहजपणे सांगितल्याची उदाहरणे थोडी आहेत.

३

हा भाग ज्या रूपात दिसला ते त्याचे दुसरे रूप होते. २७ सप्टेंबर १९६३ रोजी तो एकदा मुद्रित झाला होता. परंतु नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना तो पसंत पडला नाही आणि १८ ऑक्टोबरला तो नव्याने मुद्रित करण्यात आला. पहिले रूप १९९१ साली प्रसारित झाले, त्यामुळे दोहोंची तुलना शक्य आहे. पहिल्या मुद्रणातील डॉक्टर अधिक कठोर व तुसडा आहे. दुसऱ्यात विल्यम हार्टनेल यांनी त्याच्या उर्मटपणाला मिश्किलपणाची किनार दिली. पहिल्यात सुसान स्वतःच्या जन्माचे शतकही सांगून टाकते. दुसऱ्यात ती केवळ आपण दुसऱ्या काळातल्या, दुसऱ्या जगातल्या असल्याचे म्हणते. शतक सांगितल्याने कुतूहल शमले असते. न सांगितल्याने ते टिकले. माहिती कमी केल्याने अर्थ वाढतो, या कलानियमाचे हे स्वच्छ उदाहरण होय.

या पुनर्मुद्रणामागे जी माणसे होती त्यांत दोन नावे विशेष आहेत. निर्माती व्हेरिटी लँबर्ट त्या वेळी २७ वर्षांच्या होत्या. दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचे होते आणि त्यांचा जन्म १९३८ साली लखनौ येथे झालेला होता. त्यांच्या मातोश्री म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखिका अतिया हुसेन. लखनौच्या तालुकदार समाजाचे विघटन आणि फाळणीने घराघरांत पाडलेली भेग यांचे चित्रण करणारी त्यांची ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही कादंबरी १९६१ साली, म्हणजे या मालिकेच्या केवळ दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झाली. आईने एका नष्ट झालेल्या काळाची कादंबरी लिहावी आणि मुलाने हरवलेल्या काळांत नेणाऱ्या यंत्राचे पहिले प्रयाण चित्रित करावे, या योगायोगाला कार्यकारणभावाचे रूप देणे गैर ठरेल. तरीही एक गोष्ट सांगता येते. आपल्या काळापासून व भूमीपासून तुटलेली, परक्या शाळेत परके ठरणारी आणि तरीही तेथेच राहू इच्छिणारी मुलगी हे या भागाचे भावकेंद्र आहे. तिला दिग्दर्शकाने उपहासाचा विषय होऊ दिले नाही. कॅमेरा तिच्याकडे पाहतो तो सहानुभूतीने. पुढे १९६५ साली याच दिग्दर्शकाने ई. एम्. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’चे दूरचित्रवाणी-रूपही बी.बी.सी.साठी सादर केले.

४

भारतीय प्रेक्षकाला या भागात दोन स्थळे अशी दिसतात की जी त्या काळच्या ब्रिटिश प्रेक्षकाला तशी दिसली नसती.

पहिले स्थळ नाण्यांचे. एका पौंडात शिलिंग किती, हे सुसानला सांगता येत नाही. नाणी दशमान पद्धतीची आहेत अशी तिची समजूत असते. ती पद्धत अद्याप सुरू व्हावयाची आहे हे तिच्या मागाहून ध्यानात येते. १९६३ च्या इंग्लंडमध्ये हा भविष्यकाळाचा पुरावा होता. ब्रिटनने दशमान नाणी स्वीकारली ती १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, आणि त्यामुळे ही मालिका द्रष्टी ठरल्याचे कौतुक होत आले आहे. पण भारतात १ एप्रिल १९५७ पासूनच नया पैसा चलनात आला होता. रुपये, आणे, पै यांचा हिशेब पाठ केलेली पिढी आणि शंभर नया पैशांचा रुपया मोजणारी मुले एकाच घरात वावरत होती. लंडनच्या वर्गात जी चूक ‘अपार्थिव’ ठरली ती पुण्याच्या, नागपूरच्या वा बंगळूरच्या वर्गात त्या वर्षी चूकच ठरली नसती. भविष्यकाळ सर्वत्र एकाच दिवशी उगवत नाही, आणि तो नेहमी पश्चिमेकडूनच येतो असेही नाही, हे सत्य लेखकांच्या ध्यानीमनी नसताना या छोट्या प्रसंगाने सिद्ध केले आहे.

दुसरे स्थळ याच्या उलट आहे. यंत्राचा अंतर्भाग पाहून गोंधळलेल्या शिक्षकांना डॉक्टर अमेरिकेतील मूळ रहिवाशाचे उदाहरण देतो: पहिली आगगाडी पाहून त्याच्या रानटी मनाला तो भास वाटला, तसेच तुमचे झाले आहे. काळाची सर्व दारे ज्याला खुली आहेत त्या प्रवाशाच्या तोंडी १९६३ सालीही एकोणिसाव्या शतकाच्या वसाहतवादी मनाची उपमा यावी, हे उद्बोधक आहे. येथे एक बचाव संभवतो. उपमेचा रोख इंग्रज शिक्षकांवर आहे. त्यांनाच ‘रानटी’च्या जागी बसविले आहे. हा बचाव अर्धा खरा आहे. उपमेने इंग्रजांचा अहंकार दुखावतो, परंतु ज्याच्या आधारे तो दुखावला जातो तो ‘रानटी’ तसाच राहतो. लगेच पुढच्या तीन भागांत अग्नीसाठी भांडणारी अश्मयुगीन टोळी येते आणि ही उपमा कथानकाचे रूप घेते. काळाचा प्रवास म्हणजे मागासलेपणाकडून प्रगतीकडे जाणारी एकच सरळ रेषा, हे गृहीत या मालिकेच्या आरंभी होते. नाण्यांच्या प्रसंगाने जे मोडले ते उपमेने पुन्हा उभे केले.

५

पहिल्या भागाने दिलेला शब्द, इतिहास आणि विज्ञान यांना समान मान देण्याचा, मालिकेने किती पाळला? आरंभी पुष्कळ पाळला. १९६४ च्या पूर्वार्धात सात भागांची मार्को पोलोची कथा आली. तिचे बहुतेक भाग वारिस हुसेन यांनीच दिग्दर्शित केले. त्या कथेचे ध्वनिमुद्रण व छायाचित्रे उरली, चित्रे मात्र नाहीत. कारण त्या काळी चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. त्याच वर्षी जॉन ल्यूकारोटी यांची ॲझ्टेक संस्कृतीवरील चार भागांची कथा आली आणि तिच्यात बार्बरा ही व्यक्तिरेखा आपल्या उंचीला पोचली. ॲझ्टेकांनी तिला मृत पुरोहिताचा अवतार मानले असता ती त्या अधिकाराच्या बळावर नरबलीची चाल बंद करू पाहते. एवढी एक चाल नाहीशी झाली तर स्पेनच्या स्वारीत ही संस्कृती कदाचित वाचेल, असा तिचा तर्क असतो. डॉक्टर तिला बजावतो की इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही. ती हरते. एका माणसाचे मन तेवढे पालटते. संस्कृतीचे प्राक्तन पालटत नाही.

हा पराभव मालिकेच्या वाङ्मयीन यशाचा क्षण आहे. परंतु लोकप्रियतेचा काटा आधीच दुसरीकडे झुकला होता. पहिल्या कथेनंतर लगेच, १९६३ च्या डिसेंबरात, टेरी नेशन यांच्या ‘डॅलेक’ नामक यंत्रदेही शत्रूंनी प्रेक्षकांना वेड लावले. मालिकेत विचित्र राक्षस नकोत, हा न्यूमन यांचा मूळ दंडक होता. त्याचा भंग करूनच ती लोकप्रिय झाली. १९६५ च्या जूनमध्ये दोन्ही शिक्षक मालिकेतून गेले. जानेवारी १९६७ मध्ये संपलेल्या ‘द हायलँडर्स’नंतर निखळ ऐतिहासिक कथांचा प्रघात बंद पडला, १९८२ मधील दोन भागांची एक कथा हा अपवाद. त्यानंतर भूतकाळ दिसला तो परग्रहवासीयांच्या कारवायांसाठी सजविलेला रंगमंच म्हणून. इतिहासाची शिक्षिका गेली आणि तिच्याबरोबर तिचा विषयही गेला.

मालिका १९८९ साली खंडित झाली व २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रसारित झालेला विनय पटेल यांचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग या संदर्भात महत्त्वाचा आहे. ऑगस्ट १९४७ मधील पंजाब हे त्याचे स्थळ. एक मुसलमान तरुणी व हिंदू तरुण यांचा विवाह नव्या सरहद्दीवरच लागतो आणि वराचा बळी घेणाऱ्या जमावात त्याचा सख्खा भाऊ असतो. परग्रहवासी येथेही आहेत. पण ते मारेकरी नाहीत. एकाकी मरणाऱ्यांच्या मृत्यूला साक्ष राहणे हे त्यांनी स्वीकारलेले व्रत आहे. डॉक्टर हस्तक्षेप करू शकत नाही. पाहणे आणि विसरू न देणे एवढेच तिच्या हाती उरते. ज्या मालिकेचा पहिला भाग फाळणीची कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेच्या मुलाने दिग्दर्शित केला, ती ५५ वर्षांनी फाळणीपाशी आली आणि तेथे तिला आपला मूळ करार पुन्हा सापडला: इतिहासापुढे विज्ञानाचे यंत्र साक्षीदार होते, मालक होत नाही.

६

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. किंबहुना क्रमशः प्रकाशनाच्या पोटी इतिहास व विज्ञान या दोन्ही कथाप्रकारांचा जन्म होण्याचा अनुभव मराठीला ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या किती तरी आधीचा आहे. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः आली. हरि नारायण आपट्यांचा ‘उषःकाल’ही ‘करमणूक’ पत्रातून आठवड्या-आठवड्याने वाचला गेला. महाराष्ट्राबाहेर, कोचीन येथे १८८६ साली सुरू झालेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकाने पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप हप्त्याहप्त्याने वाचकांस दिले. संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये यांचा तो उद्योग मराठी विज्ञानकथेचा आरंभ मानला जातो. म्हणजे ‘पुढील अंकी चालू’ या शब्दांनी मराठी वाचकाला भूतकाळही दाखविला आणि चंद्रही दाखविला. मात्र दोन्ही प्रवाह निरनिराळ्या पात्रांतून वाहिले. ऐतिहासिक कादंबरीला स्मरणाचे व अस्मितेचे काम मिळाले, विज्ञानकथेला प्रबोधनाचे. बार्बरा एका मासिकात राहिली आणि इयान दुसऱ्या.

त्यांना एका कथेत आणण्याचे श्रेय जयंत नारळीकर यांच्याकडे जाते. वारिस हुसेन यांच्याप्रमाणेच १९३८ साली जन्मलेले व त्यांच्याप्रमाणेच केंब्रिजला शिकलेले नारळीकर १९६३ साली तेथेच संशोधन करीत होते. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल हे खगोलशास्त्रज्ञ असून विज्ञानकथाकारही होते, बी.बी.सी.ने १९६१ साली दाखविलेली ‘ए फॉर ॲन्ड्रोमेडा’ ही विज्ञानमालिका हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह रचली होती. तिच्याही सात भागांपैकी एकच भाग आज संपूर्ण उरला आहे. हॉइल यांच्या उदाहरणाने वैज्ञानिकाला कथालेखनाची लाज वाटण्याचे कारण नाही हे दाखवून दिले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटवून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली व ती पहिली आली. पुढे त्यांनी लिहिलेली ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा येथे विशेष विचारात घेतली पाहिजे.

या कथेचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. अपघाताने तो अशा एका भारतात जाऊन पोचतो की जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती निसटून गेली, आणि पानिपतावर मराठे जिंकले. परतल्यावर त्याच्या अनुभवाची उपपत्ती एक विज्ञानाचा माणूस त्याला सांगतो: सूक्ष्म कणांच्या जगात घटनेला एकाहून अधिक शक्य वाटा असतात, तशाच इतिहासालाही असतील. इतिहासाचा अभ्यासक आणि विज्ञानाचा जाणकार यांची जोडी येथे पुन्हा भेटते, पण तिचे निष्कर्ष ‘डॉक्टर हू’च्या आरंभीच्या निष्कर्षांहून भिन्न आहेत. तेथे इतिहास अढळ होता. येथे त्याला फांद्या फुटतात.

हा भेद केवळ विज्ञानाच्या प्रगतीचा नाही. ज्या साम्राज्याला अनुकूल असा इतिहास घडला, त्याच्या राजधानीत बसून इतिहास बदलता येत नाही असे म्हणणे सोपे असते. त्यात नम्रता असते, तशीच स्वस्थताही असते. ज्यांच्या बाजूने तो घडला नाही, त्यांच्या मनातून ‘जर’ हा शब्द जात नाही. पानिपतानंतर दोन शतके मराठी घरांत ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ ही म्हण चालत आली. तिच्यातील श्लेषात त्या न घडलेल्या इतिहासाची खंत साठविलेली आहे. नारळीकरांच्या कथेने त्या खंतीला शास्त्राची बैठक दिली, आणि तसे करताना तिला आक्रोशाच्या पातळीवरून विचाराच्या पातळीवर आणले.

७

तरीही ‘जर’चा हा अधिकार निर्वेध नाही, आणि त्याची परीक्षा घ्यावयाची तर पानिपतापेक्षा देवनहळ्ळी हे स्थळ अधिक उपयोगी आहे.

१७४९ मध्ये म्हैसूरचा दळवाई नंजराज याने देवनहळ्ळीला वेढा घातला. त्या वेढ्यात एका सामान्य स्वाराचे शौर्य नजरेत भरले आणि त्याला ५० घोडेस्वार व २०० प्यादे यांची सरदारकी मिळाली. तो हैदरअली. याच गावी त्याचा मुलगा टिपू जन्मला. १७६० मध्ये हैदरचा पूर्वीचा साहाय्यक खंडेराव याने मराठ्यांच्या मदतीने त्याला श्रीरंगपट्टणातून हुसकावले आणि तो बंगळूरच्या आश्रयाला पळाला. त्या क्षणी त्याची कारकीर्द संपल्यातच जमा होती. पण उत्तरेतील संकटामुळे विसाजीपंतांच्या मराठी फौजेला तडजोड करून परतावे लागले आणि १७६१ मध्ये हैदर म्हैसूरचा सत्ताधीश झाला. तेव्हा पानिपताचा निकाल फिरला असता तर त्याचा परिणाम दिल्लीपुरता मर्यादित राहिला नसता. कदाचित हैदरचे राज्य उभेच राहिले नसते, म्हैसूरचे लोखंडी बाण झाले नसते, वुलिचला ते गेले नसते. मराठी वाचकाच्या मनातील सर्वांत प्रिय ‘जर’ देवनहळ्ळीच्या इतिहासावरून असा बोळा फिरवितो.

हा बोळा कोणाला हवा आणि कोणाला नको, याचे उत्तर एकच नाही. टिपूच्या मोहिमांनी कोडगू व मलबार येथे केलेले घाव तेथील लोकस्मृतीत आहेत. दुसऱ्या बाजूस, १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मोहिमेत शृंगेरीचा मठ लुटला गेला आणि त्या मठाच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने साहाय्य केले, याची साक्ष देणारी त्याची कन्नड पत्रे १९१६ साली मठाच्या दप्तरात सापडली. याच वर्षी, म्हणजे १७९१ मध्ये, देवनहळ्ळीचा कोट इंग्रजांच्या हाती गेला. मराठे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने लढत होते. बंगळूरला शहाजीराजांची जहागीर होती म्हणून ही भूमी मराठी इतिहासाची, असे म्हणणाऱ्याला हेही प्रकरण आपल्याच इतिहासाचे म्हणून वाचावे लागेल. एकाचा ‘जर’ हा दुसऱ्याचा लोप असतो, ही गोष्ट पानिपतावर उभे राहून दिसत नाही. देवनहळ्ळीच्या कोटावरून ती स्पष्ट दिसते.

येथे बार्बरा राइटच्या पराभवाचा अर्थ पुन्हा उजळतो. इतिहास बदलता येत नाही, हा नियम विजेत्याच्या सोयीचा ठरू शकतो हे खरे. पण ॲझ्टेकांच्या कथेत तो नियम पाळणारी स्त्री विजेत्यांच्या पक्षाची नव्हती. ज्यांचा विनाश अटळ आहे त्यांच्यामध्ये राहून, त्यांचे गुण व त्यांची क्रूरता दोन्ही पाहून, ती परतते. गंगाधरपंतांना दुसरा भारत दिसतो; बार्बराला दुसरी माणसे दिसतात. विज्ञानकथेला दोन्ही दृष्टींची गरज आहे. पहिलीमुळे घडले ते अपरिहार्य होते हा भ्रम जातो. दुसरीमुळे न घडलेल्या सुखाच्या हिशेबात घडलेली माणसे वजा होत नाहीत.

म्हणून ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’चे मोल त्याच्या मागाहून आलेल्या कीर्तीवर ठरवू नये. त्यात वसाहतवादी उपमा आहे, घाईचे चित्रण आहे, आणि पुढच्या तीन भागांत कथेचा पाया डळमळतो. परंतु काळाचे दार उघडताना त्याने उंबरठ्यावर दोन साक्षीदार उभे केले आणि दोघांच्या संमतीवाचून अद्भुताला आत घेतले नाही, ही त्याची मिळकत कायमची आहे. मराठीत ऐतिहासिक कादंबरीचे समीक्षक व विज्ञानकथेचे समीक्षक आजवर बहुधा निरनिराळ्या व्यासपीठांवर बोलत आले. नारळीकर २०२१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा विज्ञानकथेला मान मिळाला. तिची इतिहासकथेशी तुलना करून, दोघींना एकच कसोटी लावण्याचे काम मात्र त्या मानाने आपोआप होत नाही. ते काम समीक्षेचे आहे, आणि त्याच्या प्रारंभासाठी पंचवीस मिनिटांचा एक जुना कृष्णधवल भाग हा वाईट पाठ नाही.